हवेतल्या लहरींवर चालणारी उपकरणे : आशा किती, भूल किती?

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. पहाटेचे साडेपाच वाजले असतील. दवाखान्याच्या वरच आमचे घर आहे. खालची घंटा वाजली म्हणून दार उघडले, तर अनेक वर्षे माझ्याकडे येणाऱ्या एक काकू समोर उभ्या. त्यांच्यामागे शेजारचा मुलगा काकांचा हात धरून उभा होता. काकांचे वय ७८. चार वर्षांपासून त्यांना स्मृतिभ्रंशाने ग्रासले आहे. रात्री केव्हातरी दाराची कडी काढून ते बाहेर पडले होते आणि साताऱ्याच्या एस.टी. स्थानकावर, ओल्या सदऱ्यात, अनवाणी पायांनी, कोरेगावच्या पहिल्या गाडीची वाट पाहत बसलेले सापडले. कोरेगावच्या शाळेत त्यांनी उमेदीची सारी वर्षे शिकवले होते.

पायाला काच लागून जखम झाली होती, अंगात कणकण होती. त्यापलीकडे सुदैवाने काही नव्हते. मलमपट्टी करता करता मी काकूंना विचारले, "दाराला गजर लावला होता ना?" मुलाने तो पुण्याहून आणून बसवला होता. दार उघडले की काकूंच्या उशाशी घंटी वाजे. काकू खाली मान घालून म्हणाल्या, "लावलाय हो डॉक्टर. पण सेल संपला होता. कधी संपला ते कळलंच नाही."

हे वाक्य मी दवाखान्यात किती वेळा ऐकले असेल! रक्तदाब मोजायचे यंत्र कपाटात आहे, पण सेल संपला. कानाचे यंत्र डबीत आहे, पण सेल संपला. साखर मोजायचे यंत्र, अंथरुणाजवळची विजेरी, बाथरूममधली मदतीची घंटी, सगळीकडे तेच. वृद्धांच्या घरात उपकरणे वाढली, त्याबरोबर त्यांच्या पोटातले सेल सांभाळण्याचे कामही वाढले. आणि ते काम ज्यांच्या गळ्यात पडते त्या बहुधा स्वतःच सत्तरी ओलांडलेल्या असतात.

आठ दिवसांनी काकू जखम दाखवायला आल्या तेव्हा त्यांनी मोबाइलवरची एक चित्रफीत माझ्यापुढे धरली. तीत चंदेरी रेघांची नक्षी असलेली एक पातळ चिकटपट्टी होती. निवेदक सांगत होता की ही पट्टी हवेतल्या मोबाइलच्या लहरी शोषून वीज तयार करते, तिच्यावर उपकरणे आयुष्यभर चालतात, शिवाय घरातल्या माणसांचे त्या लहरींपासून रक्षणही होते. किंमत दोन हजार रुपये. "मागवू का डॉक्टर? दाराच्या गजराला लावता येईल," काकूंनी विचारले.

त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. मी अभियंता नव्हे, साधा एम.बी.बी.एस. डॉक्टर. पुढचे काही आठवडे वाचन केले, जाणकारांना विचारले. काकूंना जे सांगितले तेच आज आपल्यापुढे मांडत आहे. कारण असा प्रश्न आपल्याही घरी आज ना उद्या येणार आहे. उत्तराचा सारांश आधीच सांगतो : त्या चित्रफितीमागचे विज्ञान खरे आहे, पण तिच्यातले दावे खोटे आहेत. खरे कुठे संपते आणि खोटे कुठे सुरू होते, हे ओळखण्यासाठी एकच माप लक्षात ठेवावे लागते. ते माप म्हणजे मायक्रोवॅट, एका वॅटचा दहा लाखावा भाग.

सेलविना बोलणारा रेडिओ

आपल्यापैकी ज्येष्ठ वाचकांना क्रिस्टल सेट आठवत असेल. पुण्यातील आमच्या वाड्यात माझ्या थोरल्या काकांनी तो घरीच जुळवला होता. पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळलेली तांब्याची तार, एक फिरवायचा कंडेन्सर, जर्मेनियमचा एक चिमुकला डायोड आणि कानाला लावायचा हेडफोन, एवढाच सारा संसार. गच्चीवर लांबलचक तार ताणलेली आणि दुसरी तार नळाच्या पाइपला बांधलेली. सेल नाही, विजेची जोडणी नाही. तरीही कानात आकाशवाणीचे पुणे केंद्र बारीक आवाजात बोलत असे. लहानपणी मला ती जादू वाटे.

ती जादू नव्हती. आकाशवाणीच्या प्रक्षेपकातून निघालेल्या रेडिओलहरींत ऊर्जा असते. गच्चीवरची तार त्या ऊर्जेचा अगदी नगण्य अंश पकडते, डायोड तिला एकाच दिशेने वाहू देतो आणि तेवढ्यावर हेडफोनचा पडदा थरथरतो. आपण ऐकत असू तो आवाज प्रक्षेपकाने धाडलेल्या शक्तीवरच चाले. अशा स्फटिकाच्या साहाय्याने लहरी ओळखण्याच्या कामात आपले जगदीशचंद्र बोस अग्रणी होते. गॅलेना या खनिजाच्या स्फटिकावर आधारलेल्या त्यांच्या शोधकाला १९०४ साली अमेरिकेत पेटंट मिळाले.

पुढे १९६४ मध्ये विल्यम ब्राउन या अमेरिकी अभियंत्याने सूक्ष्मलहरींचा झोत खालून सोडून त्याच्या शक्तीवर एक लहानसे हेलिकॉप्टर हवेत तरंगत ठेवून दाखवले. लहरी पकडणारा अँटेना आणि त्यांचे सरळ विजेत रूपांतर करणारा डायोड यांच्या जोडीला तेव्हापासून 'रेक्टेना' म्हणतात. मूळ कल्पना मात्र तीच, क्रिस्टल सेटची.

शाईने छापलेला अँटेना

मग नवे काय आहे? नवी आहे ती अँटेना बनवण्याची रीत. आकाशवाणीच्या मध्यम लहरींची लांबी शेकडो मीटर असते, म्हणून क्रिस्टल सेटला गच्चीभर तार लागे. मोबाइलच्या लहरी त्या मानाने फार आखूड. ९०० मेगाहर्ट्झची लहर सुमारे ३३ सेंटीमीटरची, तर १८०० मेगाहर्ट्झची त्याच्या निम्मी. अँटेना साधारणपणे लहरीच्या अर्ध्या लांबीचा असला तरी भागते. म्हणजे आता तो तळहाताएवढ्या कागदावर मावतो.

आणि कागदावर मावतो तर तो छापताही येतो. चांदीचे अतिसूक्ष्म कण मिसळलेली शाई तयार करतात. लग्नपत्रिका जशा स्क्रीन प्रिंटिंगने छापतात, तशीच ही शाई जाळीतून दाबून किंवा इंकजेट यंत्राने फवारून कागद, प्लॅस्टिकची फिल्म किंवा कापड यांवर हवी ती नक्षी उमटवतात. मग ऊब दिली की कण एकमेकांना चिकटतात आणि नक्षीतून वीज वाहू लागते. कोरलेल्या धातूपेक्षा हे काम स्वस्त पडते. शिवाय अशी पट्टी दंडाभोवती वळते, औषधाच्या बाटलीवर बसते, उशीच्या अभ्र्यातही शिवता येते. काकूंच्या चित्रफितीतली चंदेरी रेघांची नक्षी म्हणजे हीच.

अमेरिकेतील जॉर्जिया टेक या विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये असे छापील अँटेना दाखवले. अर्धा किलोमीटर अंतरावरील दूरचित्रवाणी केंद्राच्या लहरींतून वीज गोळा करून त्यांनी तापमान मोजणारा एक संवेदक चालवला. २०१७ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी बॅटरी नसलेला एक प्रायोगिक फोन बनवला. तो अवघ्या साडेतीन मायक्रोवॅटवर चाले. मात्र त्याच्यासाठी खास उभारलेले केंद्र जवळच, तीसेक फुटांच्या आत लागे आणि ऐकताना-बोलताना बटण दाबावे लागे. दोन्ही प्रयोग खरे आणि कौतुकास्पद आहेत. पण प्रयोगशाळेत जे चालले ते आपल्या दाराला चालेल का, हे पाहायचे तर थोडा हिशेब करावा लागेल.

हिशेब मायक्रोवॅटचा

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील संशोधकांनी तेथील भुयारी रेल्वेच्या २७० स्थानकांबाहेर हवेतल्या रेडिओलहरी मोजल्या आणि ती पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. मोबाइलच्या १८०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात सरासरी ८४ नॅनोवॅट प्रति चौरस सेंटीमीटर इतकी शक्ती आढळली. मोजलेल्या पट्ट्यांतील ही सर्वांत जास्त. ८४ नॅनोवॅट म्हणजे एका मायक्रोवॅटचा जेमतेम बारावा भाग. दुपारच्या उन्हाची शक्ती तेवढ्याच जागेवर याच्या सुमारे बारा लाख पट असते.

आपले टपाल खात्याचे पोस्टकार्ड १४ सेंटीमीटर लांब आणि ९ सेंटीमीटर रुंद. तेवढा अँटेना लंडनच्या त्या रस्त्यावर धरला तर त्यावर सुमारे साडेदहा मायक्रोवॅट शक्ती येऊन पडेल. इतक्या क्षीण लहरींचे विजेत रूपांतर करताना डायोड बराचसा वाटा गमावतो. पाचवा हिस्सा हाती लागला तरी पुष्कळ. म्हणजे उरले दोन मायक्रोवॅट. घराच्या आत भिंतींमुळे तेही घटतात.

दोन मायक्रोवॅटवर आजच्या नेहमीच्या स्मार्टफोनची बॅटरी भरायची म्हटले तर सुमारे अकराशे वर्षे लागतील. ज्ञानेश्वर माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली त्या १२९० साली फोन लावून ठेवला असता, तरी आज तो दोन-तृतीयांशच भरला असता! स्वयंपाकघरातला नऊ वॅटचा एल.ई.डी. दिवा लावायचा तर अशी पंचेचाळीस लाख पोस्टकार्डे लागतील.

पण हाच हिशेब उलट बाजूनेही पाहा. मनगटावरचे साधे क्वार्ट्झ घड्याळ सुमारे एका मायक्रोवॅटवर चालते. तापमान मोजणारी किंवा ओल ओळखणारी चिमुकली चकती बहुतेक वेळ झोपलेली असते. तिला अधूनमधूनच जाग यावी लागते. अशा उपकरणाला पागोळीखाली ठेवलेल्या घागरीसारखी युक्ती पुरते. थेंब थेंब साठत राहायचे, घागर भरली की एकदा मोजमाप घेऊन एक संदेश धाडायचा आणि पुन्हा साठवत बसायचे. छापील अँटेनाचे खरे क्षेत्र हे आहे.

काकूंच्या दाराच्या गजराचे उत्तरही यातच आहे. घागर भरायला किती वेळ लागेल हे लहरींवर अवलंबून असते आणि लहरी आपल्या हातात नसतात. टॉवर दुरुस्तीसाठी बंद असेल, लोखंडी कपाट आड आले असेल, मोबाइलची वर्दळ रात्री ओसरली असेल, तर घागर अर्धीच राहील. आणि काका तर नेमके रात्रीच दार उघडतात. ज्या उपकरणावर माणसाची सुरक्षितता अवलंबून आहे, त्याला 'मिळेल तेव्हा' मिळणारी ऊर्जा चालत नाही.

लॉकेट, चिकटपट्ट्या आणि भीती

आता त्या चित्रफितीतला दुसरा दावा, लहरींपासून रक्षणाचा. माझ्याकडे येणारे अनेक ज्येष्ठ समोरच्या इमारतीवर मोबाइलचा टॉवर उभा राहिला की झोप हरवून बसतात. त्यांची भीती मी हसण्यावारी नेत नाही, पण वरचा हिशेब त्यांच्यापुढे मांडतो. भारताने २०१२ मध्ये टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांश केली. १८०० मेगाहर्ट्झसाठी ती प्रति चौरस मीटर ०.९ वॅटच्या आसपास ठेवण्यात आली. लंडनच्या रस्त्यावर आढळलेली सरासरी शक्ती या मर्यादेच्याही सुमारे हजारावा भाग भरते. ज्या लहरींतून घड्याळापुरती वीज काढायला शास्त्रज्ञांना इतका आटापिटा करावा लागतो, त्या लहरी किती क्षीण असतील हे आपणच ताडा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओलहरींना 'कर्करोगकारक असण्याची शक्यता' या गटात ठेवले होते, हे खरे आहे. पुरावा अपुरा असला तरी शंका पूर्णपणे टाकून देता येत नाही, अशा गोष्टी या गटात असतात. आशियातील पारंपरिक पद्धतीने खारवलेल्या भाज्याही त्यात आहेत. पुढे त्याच संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विस्तृत आढाव्यात मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. रेडिओलहरी क्ष-किरणांसारख्या पेशींतील रेणू फोडत नाहीत. त्यांचा सिद्ध झालेला परिणाम म्हणजे पुरेशी शक्ती असल्यास येणारी ऊब. तरीही ज्यांना काळजी वाटते त्यांनी टॉवरपेक्षा हातातल्या फोनकडे लक्ष द्यावे, कारण तो डोक्याला चिकटलेला असतो. लांब बोलणे असेल तर स्पीकर किंवा इअरफोन वापरावा, आणि सिग्नल अगदी क्षीण असताना फार वेळ बोलू नये; तेव्हा फोनला अधिक जोराने लहरी सोडाव्या लागतात.

नेमके याच कारणाने फोनवर चिकटवायच्या 'रक्षक' पट्ट्या निरुपयोगी ठरतात. पट्टीने खरोखरच लहरी अडवल्या, तर फोन टॉवरशी बोलण्यासाठी आणखी जोर लावील. आणि अडवल्या नाहीत, तर दोन हजार रुपये वाया. कधी कधी मामला याहून गंभीर असतो. २०२१ च्या डिसेंबरात नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने फाइव्ह-जीपासून रक्षण करणारी म्हणून विकली जाणारी लॉकेटे, बांगड्या आणि तत्सम दहा वस्तू न वापरण्याचा इशारा दिला, कारण त्यांतूनच किरणोत्सर्ग होत होता. ज्या भीतीपोटी लॉकेट घेतले, तीच वस्तू गळ्यात आली!

शुश्रूषेत याचा खरा उपयोग

असे असले तरी मी या तंत्राविषयी निराश नाही. आपल्यापैकी पुष्कळ जण त्याचा एक प्रकार रोज वापरतात. आनेवाडीच्या टोलनाक्यावरून पुण्याला जाताना गाडीच्या काचेवरचा फास्टॅग आठवा. त्या कागदी पट्टीत सेल नसतो. असतो तो एक चपटा अँटेना आणि तिळाहून लहान चिप. नाक्यावरचे यंत्र तिच्या दिशेने लहरी सोडते, त्या लहरींतूनच चिपला ऊर्जा मिळते आणि ती आपला क्रमांक परत कळवते. इथे घागर पागोळीखाली ठेवलेली नाही, समोरचा माणूस ती कळशीने भरतो आहे. हवेत आपोआप सापडणाऱ्या लहरी आणि मुद्दाम जवळून सोडलेल्या लहरी, हा फरक ध्यानात ठेवा. घरातल्या उपकरणांसाठी दुसरा मार्ग कितीतरी भरवशाचा आहे.

या मार्गाने शुश्रूषेसाठी काय करता येते, याचे एक उदाहरण मला फार भावले. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेच्या संशोधकांनी २०२० मध्ये डायपरमध्ये बसवायची अशी पट्टी दाखवली. डायपरमधला ओल शोषणारा पदार्थ भिजला की फुगतो आणि किंचित विद्युतवाहक बनतो. त्यामुळे पट्टी जागी होते आणि सुमारे मीटरभर अंतरावरील यंत्राला कळवते. पट्टीचा खर्च दोन सेंटहून कमी, म्हणजे आपल्या दीड-दोन रुपयांच्या आत. अंथरुणाला खिळलेल्या आईवडिलांची सेवा ज्यांनी केली आहे त्यांना याचे मोल सांगायला नको. ओले डायपर तासन्‌तास तसेच राहिले की त्वचा मऊ पडते, सोलवटते आणि शय्याव्रणाला वाट मिळते. रात्री दर दोन तासांनी उठून चाचपून पाहण्याऐवजी गरज असेल तेव्हाच उठावे लागले, तर रुग्णाची कातडी वाचेल आणि सेवा करणाऱ्याची झोपही. अंगावर चिकटवायच्या तापमानाच्या पट्ट्या, जखमेच्या पट्टीखालची ओल सांगणारे संवेदक अशा दिशांनीही काम चालू आहे. अडचण आहे ती आपल्या शरीराची. शरीरात पाणी भरपूर, आणि पाणी या लहरी शोषून घेते. कागदावर उत्तम चालणारा अँटेना त्वचेवर टेकवला की मंदावतो. घाम आला, कोपर वाकले की आणखी मंदावतो.

याच कारणाने पेसमेकरचे स्वप्नही अजून दूर आहे. पेसमेकर बसवलेले अनेक ज्येष्ठ मला विचारतात, "डॉक्टर, दहा वर्षांनी पुन्हा चिरफाड का? हवेतून चार्ज होत नाही का?" प्रश्न रास्त आहे, कारण पेसमेकरला लागणारी शक्तीही मायक्रोवॅटमध्येच मोजण्याइतकी थोडी असते. गंमत म्हणजे जगातला पहिला रोपित पेसमेकर बाहेरूनच भारित होत असे. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये शल्यविशारद आके सेनिंग आणि अभियंते रूने एल्मक्विस्ट यांनी आर्ने लार्सन या रुग्णाच्या शरीरात तो बसवला. कातडीबाहेर तारेचे वेटोळे धरून त्याची बॅटरी भरण्याची सोय होती. पहिले यंत्र काही तासांतच बंद पडले. लार्सन यांना आयुष्यात एकूण २६ पेसमेकर लागले. पण ते ८६ वर्षे जगले. पुढे लिथियमची बॅटरी आली, ती कित्येक वर्षे बिनबोभाट चालू लागली, आणि वारंवार भारित करण्याच्या कटकटीपेक्षा काही वर्षांनी एकदा छोटी शस्त्रक्रिया बरी, असे वैद्यकाने ठरवले. हृदयाच्या ठोक्याची जबाबदारी टॉवरच्या मर्जीवर सोपवायला कोणताही हृदयरोगतज्ज्ञ तयार होणार नाही. श्रवणदोषासाठी बसवतात त्या कॉक्लिअर इम्प्लांटला मात्र आजही कानामागच्या बाहेरील वेटोळ्यातून, कातडीपलीकडून ऊर्जा दिली जाते. तेथे अंतर काही मिलिमीटरचे असते, म्हणून ते जमते.

आज, आपल्या घरात काय करावे?

सेलविना चालणारी उपकरणे येतील तेव्हा येतील. तोवर पुढील गोष्टी पाळल्या तर पुष्कळ अनर्थ टळतील.

१. सेलचा वार ठरवा. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला घरातली सर्व उपकरणे एकदा चालवून पाहा. सेल घातल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहून उपकरणाच्या पाठीवर लावा. कालनिर्णयावर खूण केली तर विसर पडत नाही.

२. सुरक्षेच्या उपकरणांना दुहेरी आधार द्या. दाराचा गजर, मदतीची घंटी यांसाठी शक्यतो विजेच्या जोडणीवर चालणारे आणि वीज गेल्यास सेलवर जाणारे उपकरण घ्या. सेल उतरू लागल्यावर आवाज करणारे असेल तर उत्तम.

३. बटणसेल औषधांच्या डब्याजवळ ठेवू नका. कानाच्या यंत्राचा सेल गोळी समजून गिळल्याचे प्रकार घडतात. दृष्टी अधू झालेल्या किंवा स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तींच्या बाबतीत हे सहज घडू शकते. घरातल्या नातवंडांनाही तोच धोका. लिथियमचा चपटा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही गंभीर इजा होऊ शकते. सेल गिळल्याची शंका जरी आली तरी उलटी करवू नका, केळे-भाताचे घास भरवू नका. ताबडतोब रुग्णालय गाठून एक्स-रे काढा.

४. पेसमेकर असलेल्यांनी मोबाइल सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवू नये. फोन आणि पेसमेकर यांत किमान १५ सेंटीमीटर अंतर असावे. पेसमेकरचे ओळखपत्र सदैव जवळ बाळगावे आणि बॅटरीची तपासणी ठरल्या वेळी करून घ्यावी.

५. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाच्या खिशात नाव आणि नातेवाइकाचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवावा. दाराला बाहेरून कुलूप लावून रुग्णाला एकटे कोंडू नये. आग लागली तर तेच जिवावर बेतेल.

६. नवे उपकरण विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा : "हे चालायला किती वीज लागते आणि ती नेमकी कुठून येते?" हवेतल्या लहरींवर फोन भरतो, दिवा लागतो, सांधेदुखी थांबते असे कोणी म्हणू लागले की पाकीट खिशात परत ठेवा.

काकूंनी ती पट्टी मागवली नाही. दोन हजारांतले काही रुपये खर्चून त्यांनी विजेच्या जोडणीवर चालणारा गजर बसवून घेतला. त्याच्या जोडीला दाराच्या आतल्या बाजूला त्यांच्या माहेरच्या बैलांच्या गळ्यातली जुनी घुंगुरमाळ बांधली. तिला सेल लागत नाही. दार उघडणारा हातच तिला ऊर्जा पुरवतो. दिवाळीच्या आधी काकू रक्तदाब तपासायला आल्या, तेव्हा सांगत होत्या की आठवड्यातून दोन-तीनदा ती माळ रात्री वाजते. मग त्या उठतात, काकांचा हात धरतात आणि म्हणतात, "गाडी सकाळची आहे, आत्ता झोपा." आणि काका झोपतात.